कौशल्याबाईंची कणीक

नंदनवन वस्तीतल्या कौशल्याबाईंचे रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले गोळे. एकदा त्यातला एक हातातून निसटला, तर अंगणातली फरशी तडकली. रोडग्याला ओरखडा नाही. तीस वर्षं मैत्रिणींच्या उन्हाळी सहलीला रोडगे त्यांचेच. यंदा मात्र तलाव ओलांडायला डोंग्यात, त्या लाकडी नावेत, बसल्या बसल्या नीलानं तोंड उघडलंच.

"हे शेवटचं वं, कौशल्या. पुढच्या साली रोडगे मी करीन. माह्या दोन दाढा गेल्या तुह्या पायी."

कौशल्याबाईंनी मांडीवरचं कणकेचं पातेलं जवळ ओढलं. पहाटे मळताना चार पळ्या तेल जास्त घालून मऊ करावं, असं मनात आलं होतं. हातानं ऐकलं नव्हतं.

कुहीकडच्या तलावात नावाडी प्रेमानंदचा डोंगा काठाकाठानं चालला होता. पाण्यावर वाकलेली मोहाची झाडं, मागं टेकडी, उथळात बगळे. पल्याडच्या आमराईत चूल मांडायची होती. तेवढ्यात खालून खाडकन आवाज झाला. मे महिन्यात पाणी उतरलेलं. बुडालेल्या झाडाचं खोड डोंग्याच्या तळाला लागलं आणि फळीच फुटली.

"अवं माय! पाणी घुसून राहिलं ना!" पार्वतीबाई किंचाळल्या.

प्रेमानंदनं डोक्याचा दुपट्टा भोकात कोंबला. पाण्यानं तो परत वर फेकला.

कौशल्याबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. कणीक गेली तर शेवटचे रोडगेही गेले. पाणी घोट्याला लागलं. त्यांनी तीन किलोचा गोळा दोन्ही हातांनी उचलला, भोकावर थापला आणि पदर खोचून वर स्वतः बसल्या.

"पाहून काय राहिला गा? वल्हव!"

पाणी थांबलं. वर सेहेचाळीस डिग्रीचं ऊन, खाली डोंग्याच्या तापलेल्या फळ्या. काठ येईस्तोवर कणीक खरपूस भाजून निघाली. एका मरळ माशानं म्हणे बाहेरून घास घ्यायला तोंड मारलं. तो अजून काठाकाठानं दातांच्या डॉक्टरचा पत्ता विचारत फिरतो.

आमराईत वांग्याची भाजी झाली, ती रोडग्यांवाचून सगळ्यांनी नुसतीच बोटांनी चाटली. प्रेमानंद मात्र डोंग्यातच वाकून वल्ह्याच्या दांड्यानं कणीक ठोकून पाहत होता. टणटण वाजत होती.

"बाई, सुताराची फळी अशी बसत नाही!"

नीलानं बोटं पुसली. मग म्हणाली, "कौशल्या, पुढच्या साली कणीक तूच मळ."

"काहून वं? तू करणार होती ना?"

"माह्या कणकेनं डोंगा तरते का?"

प्रेमानंद डोकं खाजवत जवळ आला. "बाई, माह्याकडचे अजून दोन डोंगे गळून राहिले..."

कौशल्याबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली.

"पीठ जाडं दळून ठेवजो," त्या म्हणाल्या. "अन् तेल बिलकुल आणू नको."