निळ्या पिसामागचा दिवा

"अहो, ती पायरी नव्हे, माझा पाय आहे!" जिन्यात कुणीतरी कळवळून ओरडलं, तरी मागे कुणी सरेना. सरणार कसं? वर पंखबुवा आजार उपटून दाखवणार होते ना!

खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे. मधोमध एक स्टूल, स्टुलामागे उंच स्टँडवर एकच झगझगीत दिवा. स्टुलावर बसली होती माझी धाकटी बहीण. घरात तिला आम्ही छोटी म्हणतो. छोटीला फिट येतात. गोळ्या वेळेवर घेतल्या की येत नाहीत. पण रोज गोळी हातावर ठेवताना आईचा चेहरा असा होतो, जणू शिक्षा तिलाच झालीय.

पंखबुवा दिव्याच्याही मागे, काळ्या पडद्यापाशी उभे. अंगावर पिसांची झूल. लांबून बघितलं तर वाटावं, फाटलेली उशी उभी राहून बोलतेय.

"आजार म्हणजे काय, पाखरांनो? वारा! अंगात शिरलेला खोटा वारा! आणि वाऱ्यावर सत्ता कुणाची? बाटलीतल्या औषधाची? बाटलीला पंख असतात का?"

"नाही!" गर्दी म्हणाली. बाटलीला पंख नसतात, हे कळायलासुद्धा आम्हांला बुवा लागले.

मग त्यांनी पीस वर केलं. खोटं कशाला बोलू, ते पीस बघून मीही श्वास रोखला. नीलपंख पक्ष्याचं. असं निळं की त्याला नाव द्यायला आपल्याकडे शब्द कमी पडावेत. बुवा दिव्याला वळसा घालून पुढे आले आणि ते पीस त्यांनी छोटीच्या डोक्यावर धरलं.

पीस तपकिरी झालं. वाळक्या चिखलासारखं.

"प्यायलं! आजार प्यायलं!" बुवा गरजले. पुन्हा पडद्यापाशी गेले, पिसावर फुंकर मारली, आणि ते परत निळंशार! बायका रडायला लागल्या. छोटी माझ्याकडे बघून घाबरत हसली.

"थांबा," आई म्हणाली.

इथे सांगायला हवं की आमचं घर पिसांवर चालतं. नाटकमंडळ्यांना लागणारे मुकुट, पंखे, परीचे पंख आमच्या कारखान्यात होतात. कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली. पांढरी पिसं आणायची, उकळत्या रंगात बुडवायची, वाळवायची, प्रतवारी करायची. या कामात आईचा हात कुणी धरू शकत नाही.

आईने ते पीस घेतलं. ओल्या रुमालाने चोळलं. रुमाल पांढराच राहिला. बोटांनी काडी चाचपली, वास घेतला.

"रंगवलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "अस्सल आहे."

तेवढं पुरलं. आमच्यापासून दोन घरं पलीकडचे घड्याळवाले काका तिथेच होते. रोज साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घ्यायचे आणि रोज त्यावर विनोद करायचे. ते म्हणाले, "घड्याळाच्या पोटातलं मला कळतं, पिसातलं वहिनीला. वहिनी म्हणतेय ना अस्सल, मग विषय संपला. चला, सुईपासून सुटलो!"

जाताना बुवांनी छोटीला एक निळं पीस दिलं. "हे निळं आहे तोवर तू बरी," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईने गोळ्या कपाटात वर ठेवल्या.

"आई, अगं डॉक्टरबाईंना विचार तरी."

"पीस तुझ्यासमोर बदललं ना?"

"बदललं. पण का बदललं?"

"यंदा वक्तृत्व स्पर्धेत बोललीस आणि जिभेला हाड राहिलं नाही तुझ्या! रंग असता तर रुमालाला लागला असता. चाळीशी आली माझी पिसांत. मला शिकवतेस?"

रुमाल पांढराच राहिलेला मीही पाहिला होता. उत्तर नसलं की मोठी माणसं जिंकतात.

आणि मग काही दिवसांतच जे व्हायचं ते झालं. छोटी कारखान्यात कात्रणातली पिसं कागदावर चिकटवून तिचे पक्षी बनवत बसली होती. कधीच कुठे नसलेले पक्षी, तीन शेपट्यांचे, आणि तरी आता उडतील असे. एकदम हात ताठ झाला, बाटलीतला डिंक सांडला, टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. फिट थांबेना. एक संपते तोच दुसरी. आई तिला कुशीवर वळवून "पिल्ला, पिल्ला" एवढंच म्हणत होती. मी रस्त्यावर पळत जाऊन रिक्षा आणली.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कुणी थांबवल्या?" आईने मान खाली घातली. छोटी वाचली. पण शुद्धीवर आल्यावर तिच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटेनात. "ताकद येईल हळूहळू," बाई म्हणाल्या. "पूर्ण येईल असं आज सांगत नाही."

पलीकडच्या वॉर्डात घड्याळवाले काका होते. बेशुद्ध.

एवढं होऊनही आई काय म्हणाली असेल? "माझ्या मनात शंका आली असेल गं. म्हणून उलटलं. परत एकदा बुवांकडे नेऊ." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण आईच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं. बुवा खोटे, तर लेकीची ही दशा तिनेच केली. हे कुठली आई पटकन मान्य करेल?

तेवढ्यात छोटी किंचाळली.

खिडकीजवळच्या खाटेवर ती उताणी पडली होती. डाव्या हातात ते पीस, खिडकीसमोर धरलेलं. "ताई, तपकिरी झालं! माझा आजार परत आला!"

मी धावले. खरंच तपकिरी. मी तिच्या खाटेला वळसा घालून खिडकीला पाठ करून उभी राहिले. निळं! परत तिच्या उशाशी आले. तपकिरी. निळं. तपकिरी. पीस तिच्या हातात जागच्या जागी होतं. हलत होते ती मी.

"आई, इकडे ये! इथून बघ. आता इथून!"

आईने बघितलं. मग पुन्हा पहिल्या जागी जाऊन बघितलं. कारण आमच्या कारखान्यात आजोबांपासूनचा नियम आहे: पाठ खिडकीला, पीस मांडीवर. उजेड नेहमी पिसावर पडलेला. पीस उजेडाकडे धरून आमच्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी आमची बहुतेक पिसं रंगवलेली. ती कुठूनही निळीच दिसतात.

मी त्या पिसाचा एक तुकडा तोडून ग्लासच्या बुडाने रगडला. निळा भुगा व्हायला हवा होता ना? झाला तपकिरी. विज्ञानाच्या बाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी समजावलं. या पिसात निळा रंग नसतोच. असतं ते बारीक पोकळ्यांचं जाळं. त्यावर उजेड पडला की त्यातला निळा तेवढा आपल्याकडे उलटून येतो. उजेड पाठीमागून आला की तो निळा तिकडेच राहतो, आणि आपल्याला दिसतो खालचा तपकिरी. जाळं चिरडलं, की निळा कायमचा गेला.

"म्हणजे मी चोख तपासलं," आई म्हणाली, "आणि भलतंच तपासलं."

त्याच संध्याकाळी छोटीला नर्सकडे सोपवून मी बुवांच्या खोलीत घुसले. आई माझ्यामागे. स्टुलावर एक खोकणारे आजोबा होते. बुवांनी पीस वर केलं, तपकिरी झालं, गर्दी हळहळली. मी सरळ जाऊन दिव्याचा स्टँड उचलला आणि पुढे, लोकांच्या बाजूला आणून ठेवला.

"ए पोरी, दिव्याला हात लावू नकोस!"

"का हो बुवा? आजार दिव्यात असतो का?"

आजोबांच्या डोक्यावरचं पीस निळंशार झालं होतं, आणि आजोबा खोकतच होते. मी दिवा परत मागे नेला, बुवांच्या हातातलं पीस काढून घेतलं आणि त्यांच्याच डोक्यावर धरलं. तपकिरी! "अरे देवा, बुवा, तुम्हीपण गोळ्या घ्या बरं!"

खसखस पिकली. कुणी म्हणालं, "आगाऊ कार्टी!" कुणी पडदे ओढून काढले. त्या गोंधळात बुवा जिन्याकडे सरकले, पण जिन्यात घड्याळवाल्या काकू उभ्या होत्या. त्यांना बघून हसणं जागच्या जागी थिजलं.

"ते गेले," काकू म्हणाल्या. "दुपारीच."

मग त्या आईकडे वळल्या. बुवांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "तू म्हणाली होतीस ना गं, अस्सल आहे?"

"अस्सलच होतं, काकू," आई म्हणाली. तिने काकूंचे हात धरले. मग म्हणाली, "पीस अस्सल होतं."

पोलीस आले, बुवांना घेऊन गेले. ते सांगण्यात मला फारसा रस नाही. त्यांच्यासारखा दुसरा कुठेतरी दिवा मांडतच असेल. दुसऱ्या दिवसापासून आई दारोदार फिरली, हातात पीस आणि बॅटरी घेऊन. "मीच म्हणाले होते. चुकले. औषध सुरू करा." काहींनी ऐकलं. काहींनी तोंडावर दार लावलं. ती पुढच्या दारी गेली.

छोटी आता गोळी घेते. डाव्या हाताने पक्षी चिकटवते. ते जरा वाकडे होतात. निळं पीस तिने फेकलं नाही. मला वाटलं होतं, मला त्याचा राग येईल. नाही आला. त्या पिसाने आम्हांला कधी फसवलंच नव्हतं. ते खिडकीतल्या उजेडात उभं राहून आपलं गुपित सांगायला तयारच होतं. बघणारं कुणी नव्हतं.

म्हणून तुम्हांला हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर नुसतं समोर बसू नका. उठा, पलीकडे जाऊन बघा, दिवा कुठे ठेवलाय ते विचारा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचंही औषध बंद करू नका. घड्याळवाल्या काकांच्या दुकानातली घड्याळं आता एकेक करून थांबतायत. त्यांना किल्ली द्यायला कुणी नाही.