मास्तरांकडे उरलेला शब्द

मास्तर आजारी पडले त्या सकाळी घरात नेहमीचंच भांडण चाललं होतं. आई रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन मागे लागलेली, आणि मास्तर हातातली कातरी न थांबवता खेकसत होते, "औषध, औषध, औषध! दुसरा शब्द येतो का गं तुला?" आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर त्यांचा उजवा हात कापडावर गळून पडला होता.

वाचले. काठी टेकत चालायलाही लागले. पण बोलणं गेलं, आणि जाताना एकच शब्द मागे ठेवून गेलं: औषध. मेंदूला धक्का बसला की होतं असं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. हाच शब्द का, ते नाही सांगता येत. नशिबालाही थट्टेची हौस असते. ज्या माणसाने जन्मभर औषधाचं नाव काढू दिलं नाही, त्याच्या जिभेवर तेवढंच उरलं.

घरच्यांनी तो शब्द सरळसरळ घेतला. मास्तर "औषध" म्हणाले की दादा बाटली घेऊन धावायचा. मास्तर मान हलवायचे, पुन्हा तेच म्हणायचे, आणि शेवटी चिडून चमचा उडवून द्यायचे. "स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही," असं म्हणत दादा शर्ट पुसायचा. आधी हसून म्हणायचा, मग नुसतंच म्हणायला लागला. एक दिवस थकून बहिणीला म्हणाला, "बाबा आत नाहीत गं आता. नुसता आवाज राहिलाय. दुकान कुणाच्या जिवावर चालवायचं? कापायच्या टेबलाला गिऱ्हाईक बघितलंय मी. गुरुवारी येईल."

 लेक शिवण बाबांच्याच हाताखाली शिकली होती, पण कापड कापायचं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. बाबाच नसतील तर आपल्या एकटीच्याने हा गाडा ओढवणार नाही, हे तिला कळत होतं. एक मखमली कोट तेवढा कापायचा राहिला होता. तो कापू आणि मग जाऊ दे टेबल, असं तिने ठरवलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गुरुवारी दुपारी मास्तर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. तिने मखमल पसरली, वर मापाचे कागद मांडले. कापड बेताचंच होतं, बाही काही केल्या बसेना. तिने बाहीचा कागद उलटा फिरवला, तर चपखल बसला. तिने कातरी उचलली.

"औषध!"

दादा बाटली घेऊन आलाच. "थांब जरा," ती म्हणाली. शब्द तोच होता, पण चाल वेगळी होती. आधी खेकसणं, मग ओढणं, आणि शेवटी आपटणं. ह्याच चालीवर बाबा इतकी वर्षं तिला ओरडत आले होते, "अगं ए, लव बघ!"

तिने मखमलीवरून हात फिरवला. लव एकाच बाजूला झुकली होती. बाही उलटी कापली असती तर उजेडात कोटाचं अंग एका रंगाचं आणि बाही भलत्याच रंगाची दिसली असती. तिने घाईघाईने कागद सरळ केला. कापड पुन्हा कमी पडलं.

"औषध," मास्तर म्हणाले. "हं, अस्सं," म्हणायचे तसंच अगदी. मग डाव्या हाताने स्वतःची काख दाखवली, कापडाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "औषध, औषध."

"काखेत जोड देऊ? तिथे दिसणार नाही?"

मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

 अख्खा माणूस आत शाबूत होता. त्याची नजर, त्याचा राग, त्याचं कसब, काहीच गेलं नव्हतं. ते सगळं एवढ्याशा शब्दातून बाहेर येऊ बघत होतं, आणि आपण दर वेळी त्याच्या तोंडात चमचा कोंबत होतो! असं काही जगात असू शकतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. ती बाबांच्या पायाशी बसली आणि रडता रडता हसायला लागली.

आवाज ऐकून आई बाहेर आली. मास्तरांनी तिच्याकडे बघून हलकेच विचारलं, "औषध?"

"जेवले हो, केव्हाच," आई म्हणाली.

आई रोजच अशी काहीबाही उत्तरं द्यायची. म्हातारी आपल्या मनाची समजूत घालते, असं दोघा भावंडांना वाटत आलं होतं.

"आई, तुला पहिल्यापासून कळत होतं?"

"न कळायला काय झालं? लग्न झाल्यापासून दुपारी हेच तर विचारतात."

"मग सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"सांगत होते की. पण तुम्हाला बाटली शोधण्यातून सवड कुठे होती?"

दादा बाटली हातात धरून तसाच उभा होता.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं आणि टेप काढून टेबल मोजायला लागलं. मास्तर काठी टेकत उठले, टेबलापाशी आले आणि त्यावर आपला पंजा ठेवला. "औषध," ते शांतपणे म्हणाले.

"त्यांना आधी औषध द्या," गिऱ्हाईक भलं होतं, "मी थांबतो तोवर."

"औषध नकोय त्यांना," दादा म्हणाला. "टेबल विकायचं नाही म्हणतायत."