दुर्बिणीने पाहिलेला पांढरा पट्टा

मित्रांनो, दूरचं जवळ आणून दाखवायचं, एवढ्याचसाठी मला घडवलं. मी दुर्बीण आहे, आता बरीच जुनी. पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या निशिकांत सरांनी मला हौसेने विकत घेतलं. सह्याद्रीच्या कड्यांवरचे थर त्यांनी माझ्यातून कितीतरी मुलांना दाखवले. मुलं माझ्यासाठी भांडायची. ते माझे सुखाचे दिवस.

निवृत्त झाल्यावर सर मला घेऊन सिंगापूरला मुलाकडे, संजीवकडे, राहायला आले. चोआ चू कांग या उपनगरातल्या त्याच्या फ्लॅटमधून समोरची इमारत तेवढी दिसे. सरांना आयुष्यात एकदा अमेरिकेतलं ग्रँड कॅन्यन पाहायचं होतं. संजीव दरवर्षी म्हणे, पुढच्या वर्षी नक्की. दरम्यान सरांना काचबिंदू झाला. जायचं तर लवकर जा, असं डॉक्टरांनी बजावलं. तरीही दोन वर्षं गेली.

२०१६ साली तिकिटं काढली ती तीनच : संजीव, सून स्मिता आणि नात गार्गी. सरांनी आपलं तिकीट विचारलं, तेव्हा संजीव जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता तिथे काय दिसणार? तुमचा हात धरून फिरायचं, तर आम्ही काय बघायचं?"

सर ताटातलं संपवून उठले. निघायच्या दिवशी त्यांनी मला पुसून गार्गीच्या बॅगेत ठेवलं आणि लाल खडकांच्या वर पांढुरका पट्टा असतो, तो नीट बघ, असं तिला सांगितलं.

मी सगळं पाहिलं, मित्रांनो. हात वर केलेले माणसांहून उंच निवडुंग, मेसा व्हर्डे इथल्या कड्याच्या कपारीत आदिवासींनी बांधलेली शेकडो वर्षांपूर्वीची घरं. आणि ग्रँड कॅन्यन. तळाशी दोऱ्याएवढी नदी, तिच्यावर थरांवर थर. गार्गीने मला डोळ्यांना लावलं, क्षणभरच. मग तिला आजोबांना व्हिडिओ कॉल करायचा होता, पण संजीवने तिच्या हातून फोन काढून घेतला. आजोबा उगीच रडत बसतील आणि आपली ट्रिप खराब होईल, असं तो म्हणाला.

परतल्यावर सरांनी तिला पहिलं तेच विचारलं, "पांढरा पट्टा दिसला?"

"डोन्ट नो लाह, आजोबा. सगळं सेमच होतं," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

मी पाहिला होता तो पट्टा. अगदी स्वच्छ. पण मला सांगता येत नाही.

रविवारी संजीवच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसमधले मित्र जेवायला आले. टीव्हीवर फोटो लावले होते. काकांना का नाही नेलं, असं कुणीतरी विचारलं. संजीव म्हणाला की खूप आग्रह केला, पण बाबाच तयार होईनात. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर टीव्हीकडे तोंड करून बसले होते, पण ते चित्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"हो," ते म्हणाले, "मीच नको म्हणालो."

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण ज्याला काही दाखवायचं कबूल केलं असेल, त्याला डोळ्यांत उजेड आहे तोवर घेऊन जा. नाही नेलंत, तर निदान त्याच्याकडून खोटं तरी वदवून घेऊ नका.