खोक्यावरचा बल्ब

गल्लीतल्या घराघरांतले जुने पिवळे बल्ब काढायचे आणि त्यांच्या जागी फुकट एलईडी लावून द्यायचे, ही भाचीची नोकरी होती. बल्बांचा खर्च एक विमान कंपनी करायची. वाचलेल्या विजेमुळे जेवढा धूर कमी होईल, तेवढा ती आपल्या विमानांच्या धुरातून वजा करून घ्यायची. काढलेला बल्ब पुन्हा कुठे लागू नये म्हणून घरच्यांसमोरच फोडायचा, असा नियम होता. भाची हे सगळ्यांना अभिमानाने समजावून सांगे.

गल्लीतलं शेवटचं घर तिच्या मावशीचं होतं. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं, तेही कोंबडीची पिलं वाढवून आणि विकून. गल्ली पूर्ण होणार म्हणून त्या दिवशी तिचे साहेब स्वतः सोबत आले होते.

मावशी खूश होती. स्वयंपाकघरात नवा दिवा लागला तशी म्हणाली, "आता माझ्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतील." साहेब हसले आणि हसतहसतच मागच्या खोलीत डोकावले. तिथे एका लाकडी खोक्यावर पिवळा बल्ब टांगलेला होता आणि त्याच्याखाली पिलं एकमेकांना बिलगून बसली होती.

"हा राहिला की," साहेब म्हणाले.

मावशीने भाचीकडे पाहिलं. साहेबांशी काय बोलायचं ते पोरगी बोलेल, असं तिला वाटलं. आणि पोरीला सगळं ठाऊक होतं. लहानपणी गारठलेले हात तिने याच खोक्यावर धरून शेकले होते. तो बल्ब उजेडासाठी नव्हता, उबेसाठी होता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण सकाळीच साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली होती, तिला कायम करण्याचा विषय काढला होता.

"बदलते," ती म्हणाली.

काच फुटल्याच्या आवाजाने पिलं चारी दिशांना पळाली. वरून गोणपाट टाक म्हणजे ऊब राहील, असं तिने मावशीला सांगितलं. सांगताना नजर मात्र वर केली नाही.

त्याच आठवड्यात थंडी वाढली. भाची त्या बाजूला फिरकलीच नाही. शेवटी, लोक समाधानी आहेत का हे विचारायला साहेबांनीच तिला पाठवलं, तेव्हा जावं लागलं. दिवे उत्तम आहेत, मावशीने सांगितलं. मागच्या खोलीत चिवचिव नव्हती. खोकं धुऊन भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"विकलीस?"

"नाही. थंडीने एकमेकांवर चढून बसली. खालची चेंगरली, वरची गारठली."

"अगं, मला कळवायचं तरी."

"कळवून काय? तुला ठाऊक नव्हतं का?"

मावशी आवाज चढवून बोलली नव्हती. उलट भाची निघाली तेव्हा तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना यातलं काही सांगू नकोस, तुझ्या नोकरीवर यायचं, असं बजावलं. त्या हाताने भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. आता नोकरी जाते, असंच तिला वाटत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"तेव्हाच का नाही बोललीस? मला पिलांतलं काय कळतं? तो सोडून दिला असता. एका बल्बाने काय बिघडणार होतं?"

साहेब आपल्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान दोष वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं असतं.

साहेबांनी पिलांसाठी उबेचा दिवा मागवून दिला. तो घेऊन ती मावशीकडे गेली. मावशीने दिवा उलटसुलट करून पाहिला, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. थंडी ओसरल्यावर नवी पिलं आणणार होती ती. तेव्हा मी येईन मदतीला, भाची म्हणाली.

"ये," मावशी म्हणाली. "घर तुझंच आहे. पण कुणासमोर गप्प बसायचं आणि कुणासमोर नाही, ते ठरवून ये."

भाची हो म्हणाली. मावशीच्या तोंडाकडे बघून म्हणायला मात्र तिला जमलं नाही.