धोंडुबाईला ऐकू येत होतं

धोंडुबाई गेली तेव्हा ती आपल्याच ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून जवळा निवडत बसली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. धरमतरच्या जेटीवर कोळशाचं बार्ज लागलेलं होतं, त्यामुळे खारशेत गावातून डंपरची रांग चालू होती. समोरून दुसरा डंपर आला म्हणून एकाने गाडी बाजूला घेतली आणि त्याचं मागचं चाक ओट्यावर चढलं. सून सरू मागच्या दारी कपडे धूत होती. ती धावत पुढे आली तेव्हा सूप तसंच्या तसं होतं, जवळा सांडलासुद्धा नव्हता.

गावात रस्ता असा एकच. जेटीपासून निघून दोन्ही बाजूंच्या ओट्यांमधून शाळेसमोर यायचा आणि पुढे वडखळच्या हमरस्त्याला मिळायचा. बैलगाडीसाठी केलेला. त्याच्यावरून आता दिवसभर कोळसा जायचा. मांडणीवरची भांडी हलत, शाळेत मास्तर बोलायचे थांबत आणि गाडी गेली की पुन्हा सुरू करत. लोकांना त्याची सवय झाली होती.

डंपर पेणच्या हैबतरावांचे. त्यांच्या विसेक गाड्या जेटीवर चालत. दुसऱ्या दिवशी ते जीपमधून आले, दत्तात्रेयच्या, म्हणजे सरूच्या नवऱ्याच्या, खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. पंधरा दिवसांनी सरू एकटीच पेणला पोलीस ठाण्यात गेली आणि कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. हवालदार भला माणूस होता. त्याने वाचलं. साक्ष गावच्या सरपंचाची होती. ‘मयत ही माझी चुलती. तिला गेली काही वर्षं ऐकू येत नव्हतं. रस्त्यावर बसण्याची तिला सवय होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवूनही ती उठली नाही.’ खाली सही, महिपती.

महिपती हा दत्तात्रेयचा चुलतभाऊ. आई लहानपणीच गेल्यामुळे तो धोंडुबाईच्या हाताखाली वाढला होता.

सरूने हवालदाराला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ती एसटीने परत आली. धोंडुबाईला ऐकू येत नव्हतं! भरतीला बांध पाझरायला लागला की आवाजावरून सगळ्यात आधी तिला कळायचं, आणि ती माणसं उठवायची. मिठागरावर चार बाया कुजबुजल्या तरी तिला पलीकडून शब्द न् शब्द समजायचा. हे महिपतीला माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यानंतर त्याचे स्वतःचे दोन ट्रक आले आणि ते हैबतरावांकडे लागले. केस मिटली.

दत्तात्रेय रोह्याजवळच्या कंपनीत होता. शिफ्टमुळे तिकडेच खोली घेऊन राहायचा, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. सरूने त्याला साक्षीचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ जेवला नाही. शेवटी म्हणाला, “भाऊ हाय तो. आता कोर्टात भांडून आये परत येणार हाय का?”

“नाय येणार,” सरू म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय घरात काढला नाही. बाहेरही नाही. महिपती दिसला की पदर सारखा करून बाजूला व्हायची, सणाला त्याच्या घरी पुरणपोळी पाठवायची. गाव म्हणालं, सरू शहाणी, धरून बसली नाही.

तीन वर्षांनी निवडणुका लागल्या. या वेळी खारशेतचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. महिपतीला आपल्या बायकोला, नम्रताला, उभं करायचं होतं. पण तिचं नाव अजून वरशाच्या, तिच्या माहेरच्या, मतदार यादीत होतं. मग तो सरूकडे आला.

“वहिनी, तुला काय करायचं नाय. मी सांगेन तिथं सही तेवढी.”

“सही येते मला, भावोजी,” सरू म्हणाली.

ती निवडून आली आणि आठ महिने तिने सही केली. तो बोट ठेवेल तिथे. पण महिपती उठून गेला की ती ग्रामसेवकाला चहा द्यायची आणि विचारायची, हे काय हो, आणि हे? सातवीपर्यंत शिकलेली बाई, तिला वाचायला वेळ लागायचा, पण वाचलेलं विसरायची नाही. गावचा नकाशा कपाटाच्या मागे गुंडाळी करून पडला होता. तो तिने एका दुपारी जमिनीवर पसरला. महिपतीचं ट्रक उभे करायचं आवार, त्याची पत्र्याची शेड, गाडी दुरुस्तीचा खड्डा, सगळं गुरचरणीवर होतं. गुरचरण गावाची. महिपतीच्या नावावर तिथे एक वीतही नव्हती.

तिने नकाशा पुन्हा गुंडाळून जिथल्या तिथे ठेवला.

त्याच वर्षी जेटीवाल्या कंपनीला जेटी वाढवायची होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागत होता. महिपतीने कागद आणून तिच्यासमोर ठेवला आणि बोट ठेवलं. सरूने पेन उचललं नाही.

“वाचते नि देते.”

“त्यात वाचायचं काय?”

“मंग वाचायला काय हरकत हाय?”

त्याने हसून सोडून दिलं. त्याला वाटलं, बाईला जरा खुर्चीची हौस आली.

सरूचा मामेभाऊ सुजय रोह्याला एका इंजिनियरकडे नकाशे काढायच्या कामाला होता. तिने त्याला चिठ्ठी पाठवली. तो रविवारी टेप आणि वह्या घेऊन आला. दोघांनी जेटीपासून हमरस्त्यापर्यंत पायी रस्ता मोजला. सुजय प्रत्येक ओट्यावर थांबून बायांना विचारी, पोरं कुठून ओलांडतात, गाड्या कधी जास्त असतात, आवाजाने घरात काय होतं. बाया आधी लाजल्या, मग थांबेनात. ठमाबाईने त्याला आत नेऊन भिंतीला गेलेला तडा दाखवला. “डंपर गेला की यातून माती गळते. रोज झाडते मी.” सुजयने तेही लिहून घेतलं. तीन रविवार तो आला. पुंडलिक गुरुजींनी शाळेतला फळा त्याला वापरायला दिला.

नकाशा झाला तो साधा होता. गावच्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी, इतक्या बुटक्या की जीप जाईल, डंपर जाणार नाही. शाळेसमोर रस्ता उचलून ओट्याच्या उंचीला आणायचा, म्हणजे सायकलवालाही हळू होईल. ओट्यांच्या पुढे दोन्हीकडे चालायला फरशी. आणि डंपरसाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता, तो कंपनीने बांधायचा. तो बांधला की दाखला.

“बाहेरचा रस्ता इथून,” सुजयने पेन्सिलीने रेघ दाखवली. “जुन्या बांधाच्या कडेने. सरळ, मोकळी जमीन, कोणाचं काही जात नाही.”

सरूने पेन्सिल घेतली आणि दुसरी रेघ काढली. ती वाकडी होती. बांध सोडून ती गुरचरणीत शिरत होती आणि महिपतीच्या शेडच्या मधोमध जात होती.

“ताई, हा लांब पडेल. आणि ही जागा तर...”

“गावाची हाय. कागद बघ.”

“कागद बरोबर आहे. पण गरज काय?”

सरूने त्याच्याकडे पाहिलं. सुजयने पुढे विचारलं नाही. तो सरूच्या घरी लहानपणी राहून गेलेला, धोंडुबाईने त्यालाही कितीदा जेवू घातलं होतं. पण त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. नकाशा पोस्टाने आला. त्यावर रेघ सरूने काढली तशीच होती.

त्या रेघेत ठमाबाईचा वालाचा तुकडाही जात होता. तीही गुरचरणच, पण म्हातारी वीस वर्षं तिथे वाल पेरत होती. सरू स्वतः तिला सांगायला गेली. दुसरीकडे जागा देईन म्हणाली.

“माझं काय चुकलं गो?” ठमाबाईने विचारलं.

परत येताना सरूला वाटलं, रेघ हलवावी. बांधापर्यंत येईस्तोवर तसं वाटत राहिलं. मग ती घरी आली, ओट्यावर बसली, आणि ते वाटणं गेलं.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. महिपतीला नकाशाचं दोन दिवस आधी ग्रामसेवकाकडून कळलं. तो दुपारी घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

“वहिनी, शेड जाते माझी.”

“व्हय.”

“ट्रक कुठं लावू? आवार गेलं तर हैबतराव मला ठेवील का? सगळं त्यावर हाय माझं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बांधावरून रस्ता होतो. सुजयने तसा काढला होता. मला ठाऊक हाय.”

सरू वाल सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

“आयेला ऐकू येत होतं का, भावोजी?”

रस्त्यावरून डंपर गेला, तो जाईपर्यंत दोघांना बोलता आलं नाही.

“मला सांगितलं तसं मी सांगितलं,” महिपती म्हणाला. “ड्रायव्हरची बायको गरवार होती. हैबतराव म्हणाले...”

“सभेत सांगा. येत होतं का नाय ते. सगळ्यांसमोर.”

“सांगितलं तर रेघ हलवशील?”

“सांगा तर. मंग बघू.”

सभेला शाळेचं अंगण भरलं होतं. दत्तात्रेयही रजा घेऊन आला होता आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. झेंडावंदनाचा खडू अजून जमिनीवर पांढरा होता. ग्रामसेवकाने विषय वाचायच्या आधी महिपती उठला. त्याने टोपी काढून हातात धरली.

“मी एक सांगतो. धोंडुबाय काकीला ऐकू येत होतं. चांगलं येत होतं. ती रस्त्यात बसलेली नव्हती, ओट्यावर होती. मी पोलिसाला खोटं सांगितलं.”

बायांमध्ये कोणीतरी रडायला लागली. दत्तात्रेय भिंतीपासून सरळ झाला, पुढे आला, पण महिपतीजवळ पोचण्याआधी थांबला आणि तिथेच खाली बसला. महिपती सरूकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि थोडी सुटकाही होती.

सरूने ठराव उचलला आणि स्वतः वाचला. अडखळत, पण शेवटपर्यंत. कमानी, शाळेसमोरचा उंच रस्ता, फरशी, शाळेच्या वेळात, पोरं येता-जाताना, बाहेरच्या रस्त्यावरही डंपर बंद. बाहेरचा रस्ता, गुरचरणीतून, नकाशात दाखवल्याप्रमाणे.

“वहिनी,” महिपती म्हणाला, “तू बोलली होतीस.”

“मी बघू म्हणाले होते. बघितलं.”

हात वर झाले. ठमाबाईनेही केला. ते बघून महिपतीने टोपी घातली आणि तो निघून गेला.

शेड एप्रिलमध्ये पाडली. सरू तिथे उभी राहिली, पत्रे उतरेपर्यंत. रस्ता पावसाळ्याआधी झाला. हैबतरावांच्या ड्रायव्हरांनी शाळेच्या वेळेचा नियम मानला नाही, तेव्हा सरू रोज सकाळी बाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहू लागली. गाड्यांचे नंबर लिहायची आणि पेणला आरटीओकडे अर्ज टाकायची. एकदा हैबतराव जीप थांबवून उतरले.

“बाई, तुमचं माझ्याशी वैर काय? तो अपघात होता.”

“नंबर लिहिते मी फक्त,” सरू म्हणाली आणि त्यांच्या जीपचाही लिहून घेतला.

अर्जांची चौकशी कंपनीपर्यंत गेली. कंपनीला जेटी वाढवण्यात अडथळा नको होता. दिवाळीनंतर जेटीवर दुसऱ्याच्या गाड्या दिसू लागल्या. महिपतीचे ट्रक त्याआधीच गेले होते. तो बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीला, वरशाला, राहायला गेला आणि रोह्यात कोणाचा तरी टेम्पो चालवू लागला.

खारशेत शांत झालं. दुपारी ओट्यावर बसलेल्या बाईचं बोलणं समोरच्या ओट्यावर ऐकू यायला लागलं. पोरं रस्त्यात लगोरी मांडत. इतर गावांतून माणसं कमानी बघायला आली. सरूला वाटलं होतं त्यापेक्षा आनंद कमी झाला, पण झाला. तिने तो कोणापासून लपवला नाही. दत्तात्रेय मात्र सुट्टीला येईनासा झाला. क्वचित आला की म्हणायचा, “त्याने कबूल केलं होतं, सरू.” ती म्हणायची, “व्हय. चार वर्षांनी.”

पुढच्या वर्षी रोह्याला सरपंचांचं प्रशिक्षण होतं. ते लवकर सुटलं आणि सरू वरशाला गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. महिपतीचं घर कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच होतं. टँकर, ट्रेलर, बसगाड्या, एकामागून एक. महिपती कामावर होता. नम्रताने तिला ओळखलं, आत घेतलं नाही, पण पाण्याचा तांब्या आणून दारात ठेवला.

“झोप लागते का गो तुला, सरूवहिनी?”

“लागते. गाड्या नाय ना आता.”

तेवढ्यात नम्रताची मुलगी प्रतीक्षा शाळेतून आली. पलीकडच्या कडेला ती दप्तर छातीशी धरून उभी राहिली. एक टँकर गेला, दुसरा गेला. ती दोन पावलं पुढे यायची आणि मागे जायची. नम्रता उठून रस्त्याच्या कडेला गेली आणि हात वर करून ओरडली, “थांब गो, थांब.” तिच्या आवाजातली भीती रोजची होती.

इथे दोन गतिरोधक हवेत, सरूला दिसत होतं. शाळेच्या वेळात एक माणूस हवा. अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा, कोणत्या टेबलावर, कोणता शब्द घातला की तो बाजूला पडत नाही, हे तिला पाठ होतं. मुलगी पळत रस्ता ओलांडून आली आणि आईला बिलगली. सरू पाणी प्यायली, तिने तांब्या ठेवला आणि येते म्हणाली.

पेणच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नागोठणं येईपर्यंत अर्जाचा मजकूर तिच्या मनात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तयार झाला होता. पिशवीत वही होती, पेनही होतं. तिने पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि बाहेर बघत बसली.