बहात्तर किलो

अंकुशच्या दोन्ही किडन्या गेल्या हे कळलं तेव्हा विचुंब्याच्या घरात रडारड झाली, आणि ती थोडी ओसरल्यावर पहिली बोलली चंद्रावती. "माझी घ्या," एवढंच म्हणाली. कुणी तिला विचारलंही नव्हतं. बाप हयात नव्हता, आई साळूबाईला साखरेचा आजार, अंकुशच्या बायकोचं, नीताचं, रक्त जुळत नव्हतं, मुलं लहान. सख्खी बहीण एकच. अंकुश तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. मिठागरात आई-बाप राबत असताना त्याला कमरेवर घेऊन तीच बांधावर हिंडली होती. गावात सगळे तिला बाय म्हणत, आणि अंकुशही.

मुंबईच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. शेवटी तिला काट्यावर उभं केलं आणि तिथंच अडलं. एकोणनव्वद किलो, आणि प्रेशर वर. डॉक्टर म्हणाले, बहात्तरच्या खाली या, प्रेशर उतरू द्या, मग ऑपरेशन. या अंगावर चाकू चालवला तर भाऊ वाचेल आणि बहीण जाईल.

लग्नाच्या आधी ती अशी नव्हती. भाताची लावणी, मिठाच्या पाट्या, डोक्यावर पाणी, यात अंगावर मांस धरायला वावच नव्हता. मग जमिनी नव्या शहरात गेल्या. नवरा जगन तळोज्याच्या कंपनीत, बिऱ्हाड खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर. हातांचं काम गेलं, ताटातली भाकरी तेवढीच राहिली. बारा वर्षांत तिचं तिलाही कळलं नाही कधी एवढी झाली ते.

एक्क्याण्णव सालची होळी झाली आणि तिनं सुरुवात केली. तांदळाची भाकरी बंद, भात बंद. सकाळी उजाडता उजाडता पायात जगनचे जुने बूट घालून निघायची, रूळ ओलांडून विचुंब्याच्या वेशीपर्यंत चालत जायची आणि चालत परत. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघून हसत. आगऱ्याची बाई साडीवर बूट घालून कुठे निघाली रोज? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसणं थांबलं असतं, पण मग रोज विचारलं असतं, किती उतरलं म्हणून.

दर सोमवारी पनवेलात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वजन व्हायचं. पहिल्या महिन्यात चार किलो उतरलं, तेव्हा तिला वाटलं दिवाळीच्या आत काम होतंय. दुसऱ्या महिन्यात एक किलो. तिसऱ्यात काहीच नाही. तीन सोमवार काटा एका जागी खिळल्यासारखा. चौथ्या सोमवारी दीड किलो वाढलेलंच निघालं, कारण मधे जगनच्या पुतणीची हळद झाली होती आणि सासरच्या बायकांनी शपथा घालून जेवायला बसवलं होतं. त्या दिवशी ती काट्यावरून उतरली आणि तिथल्याच बाकावर पदर तोंडाला लावून रडली.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "काटा आठवड्याचं सांगतो, तुम्ही महिन्याचं बघा. आणि उद्या चालायला जा. आज काय झालं ते उद्याच्या चालण्याला कळत नाही."

ती गेली. पावसाळ्यात पाय मुरगळला, तीन आठवडे घरात बसावं लागलं, तेव्हा पलंगावर बसून हात वर-खाली करत राहिली. भूक अशी लागायची की शेजारच्या घरात सुका जवळा भाजला तर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. साळूबाईला लेकीचं हे उपाशी राहणं बघवायचं नाही. ती चुलीपुढून हाक मारायची, अर्धी तरी खा. एकदा खाल्ली, अर्धीच्या तीन झाल्या, आणि घरी जाताना चंद्रावती स्वतःला शिव्या देत गेली. भावाच्या जिवापुढे भाकरी मोठी झाली, असं तिचं तिलाच वाटलं.

तिला ओढून नेत होता तो अंकुशच. आठवड्यातून दोनदा जीपनं मुंबईला जाऊन तो रक्त धुऊन यायचा. दिवसाला एकच तांब्या पाणी, औषधांसकट. तो तांब्या तो उशाशी ठेवायचा आणि घोट घोट पुरवायचा. दर सोमवारी ती दवाखान्यातून थेट त्याच्याकडे जायची.

"बाय, किती?"

"अर्धा किलो."

"तुजा अर्धा किलो, माजा अर्धा तांब्या," असं म्हणून तो हसायचा. "बघू कोन आधी संपतंय."

त्या हसण्यावर तिचा पुढचा आठवडा निघायचा.

गणपतीत ती एक्क्याऐंशीवर आली. त्यानंतर अंकुश विचारायचा, पण नुसतं विचारायचा. आकडा ऐकून मान हलवायचा आणि भट्टीवरच्या माणसांकडे वळायचा. विटांची भट्टी त्याची स्वतःची होती, दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. आजारानं माणूस विटतो, असं तिनं मनाशी धरलं आणि चालणं वाढवलं. आता सकाळ आणि संध्याकाळ. दिवाळीत घरात करंज्या तळल्या, तिनं एक तोंडात घातली नाही. भाऊबीजेला त्याला ओवाळताना सत्त्याहत्तर होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी काटा साडेबहात्तरवर थांबला. प्रेशर चांगलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली की आता मुंबईला दाखवायला हरकत नाही, अर्धा किलो काय, तोवर उतरेल. चंद्रावती चिठ्ठी मुठीत धरून रिक्षानं विचुंब्याला गेली. एरवी ती रिक्षा करत नसे, पण त्या दिवशी तिला दम निघेना.

घराला कुलूप होतं. शेजारची सत्यवती ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "तुला ठाव नाय?" ती म्हणाली. "परवा झायलं की आपरेशन. बरं झायलं म्हनतात. साळूबाय बी गेली हाय तिकडं."

चंद्रावती तशीच मुंबईला गेली. नीता वॉर्डाबाहेर बसली होती. नणंदेला बघून उठली, पाया पडली, आणि सांगायला लागली की वन्स, तुम्हाला कळवणारच होतो, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून थांबलो. किडनी कुणाची, ते तिनं सांगितलं नाही. साळूबाईनं सांगितलं, खाली बघत. भट्टीवरच्या काळूरामची. कातकरी, वाडीवरचा, दर वर्षी बायकोला घेऊन विटा पाडायला यायचा. त्याला पत्र्याचं घर बांधून देणार होते.

काळूराम दुसऱ्या मजल्यावर मोठ्या वॉर्डात होता. चंद्रावती दारातून बघून आली. चादरीखाली माणूस आहे की नाही असा तो पडला होता. त्याची बायको खाली फरशीवर पाय मुडपून बसली होती. त्याला देताना काट्याची अडचण आली नसणार. उतरवायला त्याच्याकडे होतं काय?

अंकुशला घरी आणल्यावर महिन्याभरानं त्यांनी देवाला मान दिला, गाव जेवलं. बायका चंद्रावतीभोवती जमून म्हणाल्या, काय छान बारीक झालीस. नीता म्हणाली, वन्सची मेहनत काय फुकट नाही गेली. चंद्रावती हसली, कारण त्या वेळी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. भाऊ समोर बसून तांब्याभर पाणी एका दमात पीत होता. ते बघून तिला आनंद झाला, आणि तो आनंद झाला याचा रागही आला.

पंगती उठल्यावर ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"कधी ठरवलंस?"

"गनपतीत," अंकुश म्हणाला. "काळू उचल मागायला आलता तवा."

म्हणजे पाच महिने. पाच महिने दर सोमवारी ती येऊन आकडा सांगत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"बाय, तू अर्धा अर्धा किलो सांगायचीस. माज्याजवळ दिस किती होते? मी तुज्या काट्याकडं बघत बसलो असतो तर मेलो असतो."

ते खरंच होतं. "मग थांब म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "मी कशाला उपाशी राहत होते?"

अंकुशनं हातातला तांब्या खाली ठेवला. "काळू ऐन वक्ताला फिरला असता तर? ती मानसं, आज हायेत, उद्या डोंगरात. तू होतीस म्हनून मला धीर होता."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याला आपण काही वावगं बोललो असं वाटत नव्हतं. कौतुकानंच बोलला होता तो.

चंद्रावती उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालायला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि नवऱ्याच्या बरोबरीनं बसून खाल्ल्या, चव न लागता. सोमवार आले आणि गेले. पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा चौऱ्याऐंशी झाली. भाऊबीजेला गेली, न जाऊन चालणार नव्हतं. अंकुशच्या गालावर मांस आलं होतं. त्यानं भारीतली साडी दिली आणि हसून म्हणाला, परत सुटलीस की गं बाय.

मग एकदा जिना चढताना तिला घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि चालायचं कधी थांबवलंत म्हणून विचारलं. चंद्रावतीनं खरं ते सांगितलं, की आता कुणाला द्यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती किडनी तुम्हाला स्वतःला वापरायची आहे ना अजून?" त्या म्हणाल्या.

राग गेला नव्हता, पण जगायचं होतं. तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी विचुंब्याकडे नाही, पळस्प्याच्या बाजूला. पहिल्या महिन्यात एक किलोही हललं नाही. कुणाला सांगायचं नव्हतं, आणि त्यानं ते सोपं झालं नाही, उलट अवघड झालं. सकाळी उठताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा हे तिला कळत नसे. तरी उठायची.

त्या रस्त्यानं एक भट्टी लागते, दुसऱ्याच कुणाची तरी. पौषातल्या एका सकाळी तिथं काळूराम बसलेला दिसला. ती थांबली. त्यानं ओळखलं, उठायला गेला, तिनं बस म्हटलं. वजन उचलवत नाही म्हणून अंकुशच्या भट्टीवर त्याला पुढच्या हंगामाला घेतलं नव्हतं. इथं त्याची बायको दोघांच्या वाटणीच्या विटा वाहत होती आणि तो चिखलावर लक्ष ठेवत होता. पत्र्याचं घर वाडीवर उभं होतं, पावसात गळत होतं.

"शेट बरा हाय ना?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. तुला दुखतं?"

"थंडीचा ओढतं."

तिला तिथून निघता येईना. "आधी मी देणार होते," ती म्हणाली. "माझी जुळली होती."

काळूरामनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंग का नाय दिली?"

"माझं वजन जास्त होतं. म्हणून घेतली नाही."

तो विचारात पडला. थट्टा करतेय का हे बघायला त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. "जास्त हाय त्याची घेत नाय?" तो म्हणाला.

मागून बायकोनं हाक मारली, तसा तो एका हातानं कूस धरून हळूहळू उठला आणि चिखलाकडे गेला. ती रस्त्याला लागली. पळस्पे अजून अर्ध्या तासावर होतं.