वादळाच्या तोंडावर बंद केलेलं दार

सिस्टर योविटा चर्चच्या पायऱ्या चढून आली तेव्हा आत निम्म्या गावाचा संसार येऊन पडला होता. चटया, पातेली, तांदळाचे डबे, टोपल्यांखाली कोंडलेले झुंजीचे कोंबडे. सगळ्यांची लोला, म्हणजे आजी, असलेल्या इस्का म्हातारीनं तर संत सान रोकेच्या पुतळ्याच्या पायाशी अंथरूण घालून वर उशीही ठेवली होती. वादळ संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागणार म्हणून रेडिओ सकाळपासून घसा कोरडा करत होता, आणि हिनाबुयान गाव आपल्या जुन्या सवयीनं चर्चमध्ये शिरत होतं.

दोन वर्षांपूर्वीही गाव असंच आत शिरलं होतं. तेव्हाच्या फादरांनी घंटा वाजवून सगळ्यांना बोलावून घेतलं, कारण साऱ्या गावात दगडी भिंती या एकाच इमारतीला होत्या. भिंती टिकल्या. समुद्र मात्र दारातून आत आला आणि आढ्यापर्यंत चढला. ज्यांना तुळया गाठता आल्या ते वाचले. फादर गेले, आणि त्यांच्यामागोमाग घरंच्या घरं गेली.

योविटा त्यानंतर आली. ती मूळची फ्लोरेस बेटावरची. तिच्या मठानं तिला आणि बोहोलच्या वयस्कर सिस्टर बेनिग्नाला गाव पुन्हा उभं करायला पाठवलं होतं. दोघींनी खारावलेल्या विहिरी उपसून घेतल्या, जाळ्यांसाठी सूत मिळवलं, तापानं फणफणलेली पोरं मांडीवर घेऊन दिवस काढले. आणि सगळ्यात आधी, लोकांच्या हट्टापायी, चर्चवर नवं छप्पर घातलं. आज तेच छप्पर बघून लोक निर्धास्त झाले होते.

शाळेत जावं तर शाळेचे पत्रे अजून आले नव्हते. उरली डोंगरातली गुहा. जपानी सैनिकांच्या वेळी म्हाताऱ्यांचे आईबाप तिथंच लपले होते. पण तिकडची वाट क्रिस्पुलोच्या आबाकाच्या, म्हणजे वाखाच्या केळीच्या, मळ्यातून जायची आणि त्यानं ती काटेरी कुंपणानं बंद केली होती. बायको आणि मुलगी चर्चमध्ये बुडाल्यापासून तो वरच राहायचा. खाली उतरला तरी चर्चवरून जाताना पायरीवर थुंकून पुढं जायचा.

योविटा त्याच्याकडे गेली. तो खोपटाचं छप्पर दोरांनी आवळत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले नाहीत.

"वाट हवी असेल," तो म्हणाला.

"हो, मानोय," गावच्या बोलीत 'दादा' म्हणत ती म्हणाली. "दुसरा उपाय नाही."

"मागच्या वेळी कुणाला आठवली नाही ही वाट. घंटा वाजली, मी दोघींना दारात सोडलं, म्हटलं होडी बांधून येतो." त्यानं गाठ ओढली. "होडी वाचली."

आबाकाची रुंद पानं एकाएकी उलटी झाली, पुन्हा सरळ झाली.

"वाट देईन," तो म्हणाला. "पण तू खाली जाऊन सांगशील आणि निम्मे लोक म्हणतील, आम्हाला देव आहे. ते दार उघडं आहे तोवर कुणी डोंगर चढणार नाही. कुलूप घाल त्याला. तुझ्या हातानं. मग मी कुंपण तोडतो."

"चर्चला कुलूप?"

"लाकडाचंच दार आहे ना?"

"लोक मला दगड मारतील."

"मारू देत. दगड लागलेला माणूसही चढू शकतो. बुडलेला नाही चढत."

ती उतरली तेव्हा समुद्राचा रंग राखेसारखा झाला होता आणि लाटा किनाऱ्यावर फुटण्याऐवजी नुसत्या फुगून मागं जात होत्या. सिस्टर बेनिग्ना दारातच उभी होती. योविटानं तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी क्रूसाची खूण केली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? संकटात माणूस देवाच्या दारी येतो आणि आपण कडी घालायची? त्यासाठी आलो का आपण इथं?"

"सिस्टर, मागच्या वेळी ते इथंच आले होते."

"आणि समुद्र आलाच नाही तर?"

"तर मी खोटी पडेन."

"तू एकटी नाही पडणार," बेनिग्ना हळूच म्हणाली. "तुझ्याबरोबर मी. आणि हे लोक पुन्हा कधी आपलं ऐकायचे नाहीत."

योविटा सरळ वेदीपाशी गेली. पेटीतला पवित्र प्रसाद, ज्याला लोक साक्षात प्रभूच मानत, तिनं पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून छातीशी धरला आणि वेदीजवळचा कायम तेवता दिवा फुंकर मारून विझवला. एकेक आवाज बंद झाला. एका टोपलीखाली कोंबडा तेवढा फडफडला.

"प्रभू वर निघालाय," ती म्हणाली. "मी हे दार बंद करणार आहे. आत कुणी राहायचं नाही."

आधी गलका उडाला. कुणी म्हणालं, परक्या बेटावरून येऊन आमच्या चर्चला कुलूप लावणारी ही कोण. एका कोळ्यानं दाराच्या फळीवर हात ठेवून तिची वाट अडवली. पण एक पोरसवदा आई, जिनं मागच्या वेळी तुळईला लटकून रात्र काढली होती, तिनं मुकाट्यानं बाळ झोळीत बांधलं आणि चटई काखेत मारली. ती निघाली तसे तिच्या मागं चारजण, मग दहाजण. कोळ्यानं हात काढला.

लोला इस्का मात्र हलेना.

"प्रभूला पाय आहेत," ती म्हणाली. "मला नाहीत. तू जा त्याच्याबरोबर."

तिची मुलगी लोरिंग योविटाच्या जवळ आली. "सिस्टर, आईचा दमा तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्यात तुम्हीच तिला शेक दिलात. त्या ओल्या गुहेत ती टिकायची नाही. तिला इथं राहू द्या. मी राहते सोबत."

"पाणी आलं तर दोघी जाल."

"आलं तर."

बाहेर पावसाचे पहिले सपकारे पायऱ्यांवर आपटले. एकदा योविटाच्या मनात आलं, दोघीच तर आहेत, राहू द्यावं. मग वाटलं, लोरिंग मागं राहिली तर तिचा नवरा उतरेल, नवऱ्यामागं त्याचा भाऊ, आणि अंधार पडेपर्यंत चर्च पुन्हा भरेल. ती दारातच खिळून राहिली.

तेवढ्यात क्रिस्पुलो आला. हातात कोयता, अंगावर काट्यांचे ओरखडे. उंबऱ्याबाहेरच थांबून त्यानं हाक मारली.

"लोला, पाठीवर या."

"तू? तू तर या पायरीवर थुंकतोस."

"म्हणूनच आत येत नाहीये. या लवकर, मला आजच परत चढायचंय."

आपण हललो नाही तर हाही इथून हलायचा नाही, हे म्हातारी समजली. लोरिंगनं तिला उचलून उंबऱ्यापर्यंत आणलं आणि त्याच्या पाठीवर दिलं. योविटानं दार ओढलं, कुलूप घातलं. कुणीतरी मागून मारलेला ओल्या वाळूचा गोळा तिच्या खांद्यावर फुटला. ती वळून पाहायला थांबली नाही.

वाट निसरडी होती. आबाकाची खोडं वाऱ्यानं पिळून मोडत होती. क्रिस्पुलोच्या पाठीवरून म्हातारीची शिट्टीसारखी धाप ऐकू येत होती आणि योविटा त्या आवाजामागून चालत होती. गुहेत सगळे दाटीवाटीनं बसले. छतातून पाणी ठिबकत होतं, कोरडी अशी हातभर जागा नव्हती. चूल पेटवायचा प्रयत्न केला तर धुरानं पोरं गुदमरायला लागली, म्हणून ती विझवावी लागली. मग वारा आला, आणि कुणी कुणाशी बोललं तरी ऐकू येईना.

योविटानं लोला इस्काला आपल्या अंगाशी टेकवून बसवलं, बोचक्यातून काढलेला स्वतःचा कोरडा झगा तिच्या छातीभोवती गुंडाळला. लोरिंग पाठ चोळत होती. दोघींचे हात एकमेकींना लागत होते, पण लोरिंग तिच्याकडे पाहत नव्हती. बेनिग्ना जपमाळ म्हणत राहिली. वाऱ्याचा जोर ओसरायला लागला तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले आणि विचारलं, "पाणी आलं का?"

"माहीत नाही, लोला," योविटा म्हणाली.

उजाडायच्या आत म्हातारीचा श्वास थांबला.

सकाळी लोक उतरले. नारळीची कितीतरी झाडं आडवी झाली होती, खोपटी उडाली होती. पण वाळूवर पाण्याची खूण नेहमीच्या भरतीच्या जागीच होती. वारा उत्तरेला वळला होता. समुद्र गावात आलाच नव्हता. चर्चचा एक पत्राही हलला नव्हता. योविटानं कुलूप काढलं तर आत फरशी कोरडी ठणठणीत, आणि सान रोकेच्या पायाशी लोला इस्काची उशी जशीच्या तशी.

लोरिंगनं ती उशी उचलली.

"आई इथं असती तर आत्ता माझ्या हातची पेज पीत असती," ती म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. योविटाला वाटलं, हिनं ओरडायला हवं होतं.

शवपेटी क्रिस्पुलोनं केली, मोडलेल्या होडीच्या फळ्यांची. दफनानंतर लोक गटागटानं बोलत राहिले आणि योविटा जवळ आली की गप्प होत. आठ-दहा दिवसांनी गावप्रमुखानं चर्चमध्ये सभा बोलावली. चर्चची किल्ली सिस्टरांकडे नको, असं कोळ्यांचं म्हणणं होतं. बेनिग्ना योविटाच्या कानाशी म्हणाली, "चूक झाली म्हण. माफी माग. लोक मनाचे मोठे आहेत."

योविटा उभी राहिली. "लोला इस्का माझ्यामुळं गेल्या," ती म्हणाली. "त्याची माफी मागते. लोरिंगनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. पण पुन्हा वादळ आलं तर मी पुन्हा कुलूप लावीन. किल्ली घेतलीत तर दारात आडवी पडेन."

कुजबुज झाली. मग लोरिंग उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही योविटाचा चांगलाच समाचार घेणार.

"आई समुद्रानं नाही गेली," लोरिंग म्हणाली. "ओलीनं गेली. गुहेत बसायला फळी नव्हती, धूर जायला वाट नव्हती. दोन वर्षं सगळे चर्चच्या छपरामागं होतो. मीही होते. वर कुणी फिरकलं नाही." ती योविटाकडे वळली. "नुसतं कुलूप लावून माणसं वाचत नाहीत, सिस्टर. आधी वर कोरडी जागा करा. मग खुशाल लावा."

ती बसली. मागून क्रिस्पुलोचा आवाज आला. तो दारात होता, एक पाय आत, एक बाहेर. "बांबू माझ्याकडे आहेत. तोडायला माणसं द्या."

पुढच्या सोमवारी माणसं वर गेली. सगळी नव्हती, निम्मे कोळी अजून फुगून बसले होते. योविटा झगा खोचून मळ्यात उभी होती, तोडलेल्या बांबूंच्या राशीपाशी. लांब बांबू एकट्याला पेलत नसे. तिनं एकाचं टोक उचललं आणि जोडीदारासाठी मागं पाहिलं. दुसऱ्या टोकाशी लोरिंग येऊन उभी राहिली होती. डोळे रडून सुजलेले, चेहरा दगडासारखा.

दोघी चढाला लागल्या.

"डावीकडून जा," मागून लोरिंग म्हणाली. "उजवीकडं घसरडं आहे."